एकतीस निळी झाकणं

सोमवार, ता. ६

तीर्थरूप दाजींस,

खालच्या मजल्यावरून नमस्कार. रिवाजाप्रमाणे इथे 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायचं असतं. पण इकडे क्षेम नाही, आणि तिकडचं तुम्ही कळू देत नाही. मध्ये अठरा पायऱ्या, आणि मला पत्र लिहायची वेळ यावी! पोस्टमनच्या कानावर गेलं तर तो पिशवी टाकून हसत बसेल. पण करणार काय? मी दार वाजवलं की तुम्ही रेडिओ मोठा करता. परवा तर बातम्या संपून कांद्याचे भाव लागले होते, तेही तुम्ही सगळ्या जिन्याला ऐकवलेत. तुमचा कांद्याशी संबंध केव्हापासून आला?

आज दहावा दिवस. तुम्ही लेकीकडून आठ दिवसांनी परत आलात, स्वयंपाकघरात गेलात, तसेच खाली माझ्याकडे आलात. टेबलावरची निळी मूठ उचललीत. एरवी कशालाही व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय तुमचा हात खाली येत नाही, पण ती नुसतीच पाहिलीत. "कविराज, हे काय केलंस?" असं म्हणालात आणि वर निघून गेलात. प्रश्न विचारला तर माणसाने उत्तराला थांबावं. थांबला नाहीत, म्हणून लेखी देतो.

बारा मुठींचं काम तुम्हीच घेतलं होतंत. तळमजल्यावरच्या फिजिओबाईंना तुम्हीच म्हणालात, "देतो की, आठवड्यात." ज्यांची बोटं मिटत नाहीत अशा माणसांसाठी चमच्यावर बसवायच्या जाड मुठी. आपल्या थ्रीडी प्रिंटरला चार तासांचं एकेक काम. पण प्रिंटरला खायला तार लागते, आणि तार विकत आणायची नाही हा आपला पण. टाकलेल्या प्लास्टिकचे तुकडे करायचे, तुमच्या त्या नळीत वितळवायचे, आणि पलीकडून पावणेदोन मिलिमीटरची तार ओढून काढायची. तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी तुकडे संपले. कोपऱ्यातलं पोतं उघडलं तर त्यात पाच नंबरच्या प्लास्टिकमध्ये दोन नंबरची बुचं मिसळलेली. ताई होती तेव्हा असं कधी झालं नाही. ती नुसतं वाकवून, कानाशी धरून सांगायची, हे पाच, हे दोन. आपण दोघं त्रिकोणातला आकडा भिंगातून शोधत बसायचो.

मला निखळ पाच नंबर हवं होतं. तुमच्या झाडांना पाणी घालायला रोज वर येत होतो. फळीवर समोर एकतीस झाकणं. एका रंगाची, एका घडणीची, पाच नंबरची. झाकणं होती, दाजी. झाकणं! रिकाम्या बरण्यांची झाकणं. चौदा महिने तुम्ही मेसचा डबा खाता आहात, त्या फळीला तुमचं बोट लागलेलं नाही. मी काही तुमच्या घरातलं सोनं वितळवलं नाही.

असो. मुद्दा असा, की यंत्र तुमच्याशिवाय माझं ऐकत नाही. तार कधी दीड येते, कधी दोन. मोटारीला लय म्हणून राहिलेली नाही. शाळेत आम्ही कविता म्हणताना एखादा पोरगा मध्येच घाई करायचा आणि सगळ्या वर्गाची ओळ फिसकटायची, तशी ती घाई करते. चार मुठी झाल्या आणि प्रिंटरचं नोझल तुंबलं. फिजिओबाई काल म्हणाल्या, "आजोबा, गुरुवार म्हणजे या आठवड्यातला ना? कारण मागच्या गुरुवारीही तुम्ही गुरुवारच म्हणाला होतात." मी काय सांगू त्यांना? आमचे दाजी कांद्याचे भाव ऐकताहेत?

दहा मिनिटं खाली या. बोलू नका हवं तर. नोझल मोकळं करा आणि जा.

अजून तरी तुमचा,
मेहुणा

ता. क. रेडिओची बॅटरी संपत आली असेल. नवी दाराशी ठेवली आहे.


शुक्रवार, ता. १०

तीर्थरूप दाजींस नमस्कार.

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर, लेथवरच्या त्या जाड पेन्सिलीने तीन शब्द: 'बरण्या रिकाम्या नव्हत्या.' मी दोन पानं लिहिली होती! कागद महाग झालाय का? की जन्मभर लोखंड कातून कातून तुमची बोलण्याचीही तीच सवय झाली, नको ते सगळं तासून टाकायचं?

बरं. नव्हत्या. मान्य. तांदूळ होते, डाळ होती, साखर, मीठ, पीठ, सगळं होतं, ताईने भरलं तसं. म्हणून तर प्रत्येक बरणीवर मी वर्तमानपत्राचा चौकोन ठेवून रबर लावलं. एकतीस चौकोन कात्रीने कापले. ओबडधोबड फाडले नाहीत. साखरेला तरी मुंग्या लागल्याच, त्याला मी काय करू? मुंग्या काही वर्तमानपत्र वाचून परत जात नाहीत.

तुमच्या लेकीचा फोन आला होता. तुमच्याकडून तिला धड काही कळत नाही, म्हणून मामाला.

"मामा, काय चाललंय तुमचं? बाबा म्हणतात, मेसचा डबा परत पाठवला. तू झाकणं का घेतलीस?"

"अगं, पाच नंबरची होती."

"पाच नंबरची म्हणून आईची झाकणं घेतलीस?"

"आई तुझी. बहीण माझी नव्हती का?"

"हे बघ, तुम्ही दोघं मिळून दीडशे वर्षांचे आहात. त्या मानाने वागा. नवी झाकणं घेऊन दे आणि मिटव."

पोरगी आईवर गेली आहे. दोन वाक्यांत निकाल. म्हणून मंगळवारी बाजार पालथा घातला. पाच दुकानं. निळी नाहीतच, लाल मिळाली, एकतीस. तुमच्या दाराशी ठेवली. बुधवारी सकाळी पिशवी माझ्या दाराशी परत, वर चिठ्ठी: 'आटे जुळत नाहीत. पाऊण मि.मी. ढिलं.'

मला आधी संताप आला. मग लक्षात आलं, की लावून पाहिल्याशिवाय पाऊण मिलिमीटर कळणार कसं? म्हणजे तुम्ही फळीपाशी उभे राहिलात. बरणीला हात लावलात. चौदा महिन्यांनी. हे लिहिताना मला बरं वाटतंय, तर तेवढं वाटू द्या.

आता खरं सांगायचं तर मी झाकणं काढली त्या दुपारी कोणी मला ढकललं नव्हतं. मी स्टुलावर चढलो, एकेक फिरवून काढलं, बादलीत टाकलं. खाली आणून धुतलं. मग स्पिरिटने पुसलं. चिकटपणा होता, म्हणून स्पिरिट. त्यानंतर क्रशरमध्ये टाकली. तुम्ही बनवलेला क्रशर फार चांगला आहे, दाजी, दांडा फिरवायला मुळीच जड जात नाही. त्या दिवशी थोडा जड असता तर बरं झालं असतं.

ताई मला शाळेत न्यायची तेव्हा वाटेत कविता पाठ करून घ्यायची. ती दोन वर्षं पुढे, त्यामुळे माझ्या पुस्तकातल्या सगळ्या तिला आधीच येत. एक कडवं म्हणून झाल्याशिवाय पुढचा रस्ता ओलांडायचा नाही. मी अडलो की दोघं रस्त्याच्या कडेला उभे, आणि घंटा झालेली. तिने कधी पहिला शब्द सुचवला नाही. "आठव. तुझ्याच डोक्यात आहे, दुसरीकडे कुठे गेलेला नाही." मास्तरांच्या छड्या दोघांना. हे आत्ताच का आठवलं, ठाऊक नाही. हल्ली मला सारखं काही ना काही आठवतं आणि यंत्र बंद पडतं.

तर मला एक सुचलं आहे. झाकणांची तार केली, ती सगळी काही मुठींत गेलेली नाही. रीळ इथे आहे. त्या तारेचीच परत झाकणं काढली तर? तेच प्लास्टिक, तोच निळा रंग. आटे मात्र मला काढता येणार नाहीत. मी जन्मभर कागदावर रेघा ओढल्या, आट्यांचं मला काय कळतं?

विचार करा. रेडिओ बंद ठेवून करा.

तुमचा,
मेहुणा


गुरुवार, ता. १६

तीर्थरूप दाजी,

सोबतचं झाकण पाहा आणि मगच पुढे वाचा.

बसलं ना? मिठाच्या बरणीवर लावून पाहा. ती सोबत परत ठेवली आहे; मोजमापासाठी नमुना म्हणून मी तीच खाली आणली होती (तुम्ही दार लोटून जिना उतरलात तेवढ्यात. हो, मी आत आलो. तीन मिनिटांसाठी. त्याबद्दल वेगळं बोला).

हे सातवं झाकण आहे; नोझल मी सुईने कसंबसं मोकळं केलं, तरी ते मध्येच तुंबतं. आधीच्या सहांचं काय झालं ते ऐकवतो, कारण कोणालातरी ऐकवल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही. पहिलं प्रिंटरच्या पाटावरून सुटून नोझलबरोबर फिरायला लागलं. दुसरं नीट झालं, पण थंड होताना कडा वर उचलल्या, वाळलेल्या पानासारखं झालं. तिसरं बसलं, पण इतकं घट्ट की बरणी फोडायची वेळ आली. चौथ्याच्या वेळी वीज गेली. पाचव्याच्या वेळी वीज होती, मला डुलकी लागली. सहाव्याबद्दल मी लिहीत नाही. सहाही परत क्रशरमध्ये टाकली आणि तेवढ्यात दाराखालून तुमची चिठ्ठी सरकली: 'दीड टक्का मोठं काढ. आकसतं. पाटाला पॅकिंगची टेप लाव.'

दाजी, हे तुम्ही शनिवारी सांगितलं असतंत तर? सहा झाकणं! तुमच्या एका चिठ्ठीची किंमत सहा झाकणं! पण जाऊ दे. टेप लावली, दीड टक्का वाढवलं, आणि हे सातवं. मी ते हातात घेऊन किती वेळ बसलो होतो, माझं मलाच कळलं नाही.

आता अडचण. तार पुरत नाही. चार मुठी फिजिओबाईंना आधीच देऊन बसलो होतो. काल त्या परत मागायला गेलो. त्या ऐकूनच घेईनात.

"आजोबा, दिलेली वस्तू परत मागता?"

"वेगळ्या रंगाच्या करून देतो. त्या निळ्या तेवढ्या द्या."

"एक माझ्याकडे नाहीच. एका बाईंना दिली. सात महिने सून भरवायची त्यांना. मूठ लावली त्या दिवशी त्यांनी सुनेला खोलीबाहेर काढलं. म्हणाल्या, मला एकटीला जेवू दे, बघत उभी राहू नकोस. आता मी त्यांना काय सांगू, की झाकण करायचंय?"

मी रिकाम्या हाताने परत आलो. म्हणजे हिशेब असा, की उरलेल्या तारेत फार तर वीस झाकणं होतील. अकरा बरण्या उघड्या राहतील. काय करायचं ते तुम्ही ठरवा. झाकणाचं नीट चित्र, मापांसह, काढून पाठवलंत तर पुढची अंदाजाने करावी लागणार नाहीत.

स्पिरिटबद्दल मी मागच्या पत्रात जे लिहिलं, ते वाचलंत का? त्यावर तुम्ही काही विचारलं नाहीत. नाही, काही नाही. सहज.

तुमचा,
मेहुणा


शनिवार, ता. १८
सकाळी, चहा न घेता

दाजी,

तुमचं चित्र काल संध्याकाळी मिळालं. काय रेषा आहेत! या वयात तुमचा हात कापत नाही. आट्यांची उंची, खोली, कडेची गोलाई, सगळं. खाली लिहिलेलं चार वेळा वाचलं: 'चार मुठी राहू देत. वीस पुरे. अकरा बरण्या मी रिकाम्या करतो. रविवारी खाली येतो, नोझल तापवून ठेव.'

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. साधारण एक मिनिटभर. मग चित्रातला तो बाण दिसला. झाकणाच्या आतल्या पृष्ठाकडे दाखवणारा. त्यावर तुम्ही लिहिलंय: 'आतील बाजू सपाट, कोरी.'

दाजी, ती कोरी नव्हती.

मी हे न सांगता गप्प बसलो असतो तर उद्या तुम्ही आला असतात. नोझल मोकळं झालं असतं. वीस झाकणं फळीवर गेली असती. तुम्हाला कधीच कळलं नसतं, कारण तुम्ही एकही बरणी उघडली नव्हतीत आणि मी सगळी झाकणं काढली होती. कालपासून मी हाच विचार करतोय. चुकलो असं वाटून नाही, किती सोपं आहे ते पाहून. म्हणून सांगतो.

प्रत्येक झाकणाच्या आत ताईने लिहिलं होतं. काळ्या जाड पेनाने, बारीक अक्षरात, गोल गोल फिरवत. तुमच्यासाठी. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत लिहिलं असणार, कारण काही ठिकाणी हात थरथरला होता. तिला ठाऊक होतं की तुम्हाला स्वयंपाकघरात पाण्याच्या नळापलीकडे काही सापडत नाही. वही दिली असती तर तुम्ही ती कपाटात ठेवली असती. म्हणून जिथे जे लागेल तिथेच लिहून ठेवलं. उघडाल, वाचाल, कराल.

पहिलं झाकण मी स्टुलावर उभा राहूनच वाचलं. खाली उतरलो. मग सगळी वाचली. आणि मग स्पिरिटने पुसली. चिकटपणा वगैरे काही नव्हता. शाई राहिली तर तारेत काळे ठिपके येतात, एवढंच मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण तेवढंच खरं नाही. मला राग आला होता. तुमचा. चौदा महिने ती तिथे बसून तुमच्याशी बोलत होती आणि तुम्ही मेसच्या डब्यातलं पाणचट खात होतात. तुमच्या दुःखाचा सगळ्या इमारतीत केवढा मान! जिन्यात लोक आवाज कमी करतात. माझ्यासाठी कोणी आवाज कमी केला? बायको गेली म्हणजे दुःख, बहीण गेली म्हणजे मामाला जरा वाईट वाटतंय. आणि मी तर तुमच्या आधी तिचा होतो, चांगला अठरा वर्षं आधी. एकतीस झाकणं, आणि सगळी तुम्हाला उद्देशून. माझ्यासाठी एकही नाही. या वयात हे लिहायची लाज वाटते, पण झालं ते असं झालं. ज्याला उघडायचं नाही त्याला कशाला हवं, असं म्हणत मी एकेक पुसलं. वाचून पुसलं. आख्खी दुपार लागली.

छत्तीस वर्षं मी दप्तरात नकला काढल्या. परक्यांची खरेदीखतं, परक्यांच्या वाटण्या, मेलेल्यांची मृत्युपत्रं. एक ओळ सुटू दिली नाही. आणि त्या दुपारी समोर कागद होता, पेन होतं, वीस मिनिटांचं काम होतं, आणि मी ते केलं नाही. तुम्ही मला काय म्हणाल त्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

परवापासून आठवून आठवून लिहितो आहे. पहिला कागद फाडला, कारण त्यात माझ्या नकळत सगळ्याला चाल लागली होती, यमकंही जुळली होती. ती तशी बोलायचीच नाही. दुसऱ्या कागदावर जी आठवत नव्हती ती मी तिच्या ढंगात पुरी केली. अगदी हुबेहूब झाली होती. तोही फाडला. हा तिसरा. सतरा नीट आठवली. सहा अर्धवट. आठ गेली.

मीठ: अहो, चिमूट म्हणजे माझी. तुमची नव्हे. तुमचा पंजा केवढा!

तांदूळ: एका वाटीला दोन पाणी. मापात चुकायचे नाहीत तुम्ही, म्हणून पहिला भातच करा.

डाळ: रात्री भिजत घाला आणि विसरा. सकाळी मात्र आठवा.

चहा: उकळला की गॅस बंद. पेपर त्यानंतर.

पीठ: हे आधी संपवा. किडे झाले तर टाकून द्या, चाळत बसू नका. तुम्ही चाळत बसाल.

साखर: बाळ्याला दोन चमचे. कमी पडली तर बोलायचा नाही, तोंड तेवढं पाडील.

(म्हणजे एक होतं माझं. तेही पुसलं.)

मिरी: शिंकून घ्या. मग कुटा.

शेंगदाणे: हे खाऊन जेवण झालं असं म्हणायचं नाही.

साबणाचा चुरा: हा खायचा नाही. हसू नका, चष्मा कुठे ठेवलाय आधी सांगा.

वरच्या फळीवरची कडेची बरणी: ही रिकामीच ठेवली आहे. तुमच्या स्क्रूंसाठी. आता तरी खिशातले इथे ठेवा.

बाकीची सहा मागच्या पानावर लिहिली आहेत, आणि अर्धवट सहा त्याखाली. जिथे शब्द आठवत नाही तिथे जागा सोडली आहे, भरलेली नाही. एकात 'उन्हात' हा शब्द होता आणि 'लेक' हा होता. मध्ये काय होतं ते मला कितीही केलं तरी येत नाही. आठ झाकणांच्या जागी नुसते आकडे घातले आहेत.

सतरांतलं एक मागच्या पानावर घातलं नाही, इथेच लिहितो. सगळ्यात उंचावर, मागच्या रांगेत, भिंतीला टेकून एक लहान बरणी होती. तिथे हात पोचायला स्टूल लागतंच. त्यात काही विशेष नव्हतं, सुकवलेली पानं होती कसलीतरी. झाकणात लिहिलं होतं:

'इथवर आलात म्हणजे बाकीच्या उघडून झाल्या. बरं झालं. आता मला काळजी नाही.'

ही ओळ पहिली तुम्ही वाचायची होती. नव्हे, शेवटची. ती मी सगळ्यांत आधी वाचली, स्टुलावर उभा राहून, आणि तरीही.

नोझल मी तापवून ठेवीन, सांगितलंत म्हणून. वर येणार नाही, दार वाजवणार नाही. तुम्ही आला नाहीत तर मुठींचं काम मी एकटा रेटीन. तार जाड-बारीक येईल, पण फिजिओबाईंकडे अजून आठ माणसं वाट बघताहेत. झाकणंही वीस करीन. आतली बाजू कोरी राहील. त्यावर मी काही लिहिणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही.

दप्तरात नक्कल झाली की तिच्या खाली आम्ही एक ओळ लिहायचो, 'मुळाशी ताडून पाहिली, बरोबर आहे', आणि मग सही. या कागदाखाली ती ओळ मला लिहिता येत नाही. ताडायला मूळ नाही, ते मी दळलं. म्हणून नुसती सही करतो.

बाळ्या